वेग कोठे अडतो?

वऱ्हाडातील कापूस एके काळी ज्या मार्गाने मुंबई बंदराकडे जात असे, त्या मार्गाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत इंग्रजांच्या काळात रेल्वे सुरू झाली. पुढे लोक तिला 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखू लागले. हा लोहमार्ग अरुंद होता. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. मूर्तिजापूर येथे मात्र मुंबईहून नागपूरकडे जाणारा रुंद मार्ग लागे, आणि त्याच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट होते. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. म्हणून कापसाच्या गाठी तेथे उतरवून पुन्हा दुसऱ्या गाडीत भराव्या लागत. मोठ्या मार्गावरील गाडी कितीही वेगवान असली, तरी यवतमाळचा किती कापूस पुढे जाणार, हे त्या लहान गाडीवरच अवलंबून असे.

आज ती गाडी धावत नाही. पण तिच्यापासून मिळणारा बोध आजच्या एका अगदी नव्या प्रश्नाला लागू पडतो. तो प्रश्न म्हणजे, घरी अधिक वेगाचे इंटरनेट घ्यावे की न घ्यावे?

आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी संदेश टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येत. एखादे चित्र पडद्यावर पूर्णपणे उमटावयास कित्येक मिनिटे लागत. आता तांब्याच्या जागी काचेचा तंतू आला आहे. त्याला 'ऑप्टिकल फायबर' अथवा प्रकाशतंतू म्हणतात. त्याची जाडी सुमारे एक अष्टमांश मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ केसाएवढीच असते. त्याच्या एका टोकाशी प्रकाश सोडला, की तो आतल्या आत पुनःपुन्हा परावर्तित होत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तंतू वळला तरी प्रकाश सहसा बाहेर सांडत नाही. पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली हॉपकिन्स यांच्यासह असे दाखवून दिले, की काचतंतूंच्या जुडग्यातून चित्रही वाहून नेता येते. पुढे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी, काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाचे संदेश फार दूरवर पाठवता येतील, असे प्रतिपादन केले. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तीच योजना आज 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते.

येथपर्यंतचा मार्ग झाला रुंद रुळांचा. परंतु तंतू घराच्या भिंतीपाशी येऊन थांबतो. तेथे एक लहानशी पेटी प्रकाशाच्या संदेशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते. मग राउटर नावाचे यंत्र तो संदेश घरभर वाटते. जवळच्या संगणकाला ते तारेने जोडता येते. मोबाइल फोनला मात्र ते रेडिओलहरींच्या साह्याने, म्हणजे वाय-फायने, संदेश पोहोचवते. अरुंद रूळ सुरू होतात ते पुष्कळदा येथूनच.

वाय-फायच्या लहरी मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार जातात, परंतु त्यांवर गर्दी फार असते व त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेगाने माहिती नेतात, परंतु भिंत आडवी आली की लवकर क्षीण होतात. आपल्या भागातील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात खऱ्या. पण या लहरींना त्याच भिंती अडसर ठरतात. पत्रा आणि लोखंड लहरींना मागे परतवतात, तर पाणी त्यांना शोषून घेते. म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे किंवा पाण्याने भरलेल्या कूलरच्या आड ठेवलेला राउटर आपले काम नीट करू शकत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळ शहरातील एका कुटुंबात पाच माणसे आहेत. आजोबा समोरच्या खोलीत बातम्या पाहतात. वडील बाजारसमितीतील कापसाचे भाव पाहतात. आई शिवणकामाचे नमुने शोधते. थोरली मुलगी मागच्या खोलीत बसून शिक्षकांचे पाठ ऐकते, आणि धाकटा मुलगाही कधी कधी चित्रपट पाहतो. त्यांनी सेकंदाला ४० मेगाबिट वेगाची सेवा घेतली आहे. तथापि मुलीचा पाठ वारंवार अडकतो. शिक्षकांचे अर्धे वाक्य ऐकू येते आणि अर्धे हरवते. तिची परीक्षा जवळ आली आहे. अशा वेळी कोणी म्हणतो, "२०० मेगाबिटची सेवा घ्या, म्हणजे काळजी मिटेल." त्यासाठी दरमहा अधिक पैसे मोजावे लागणार. ज्या घराची मिळकत कापसाच्या एका हंगामावर अवलंबून आहे, त्या घराने हा खर्च विचार करूनच केला पाहिजे.

शेतकरी आपला कापूस अंदाजाने विकत नाही. तो आधी काट्यावर चढवतो. वेगाचेही तसेच आहे. म्हणून या कुटुंबाने प्रथम तीन ठिकाणी वेग मोजला. संगणक राउटरला तारेने जोडला, तेव्हा वेग ३९ भरला. शेजारच्या खोलीत वाय-फायवर तो ३० भरला. मागच्या खोलीत मात्र तो अवघा ३ भरला. सकाळी व रात्री, दोन्ही वेळा मोजले, तेव्हा आकडे जवळजवळ तेच आले. याचा अर्थ उघड आहे. घरापर्यंत वेग पुरेपूर येतो. तो अडतो मधल्या भिंतीत. दारापर्यंत ४० ऐवजी २०० आणले, तरी भिंतीपलीकडे जवळजवळ ३ च पोहोचणार!

यानंतर त्यांनी गरजेचा हिशेब केला. चित्रासह चालणाऱ्या पाठाला सुमारे ४ मेगाबिट पुरतात. चांगल्या प्रतीच्या चित्रपटाला सुमारे ५ लागतात. भाव पाहावयास तर फारच थोडा वेग लागतो. पाचही जणांनी एकाच वेळी चित्रे पाहिली, तरी बेरीज २५ च्या पुढे जात नाही. तेव्हा ४० चा वेग त्यांना पुरेसा होता.

अधिक वेगाचा लाभ केव्हा होतो, हेही पाहिले पाहिजे. ५०० मेगाबाइटची एक फाइल आणावयाची आहे असे समजा. एका बाइटमध्ये आठ बिट असतात; म्हणजे ती फाइल ४००० मेगाबिटची झाली. ४० च्या वेगाने तिला १०० सेकंद लागतील आणि २०० च्या वेगाने २० सेकंद. वाचले ते ८० सेकंद. लग्नसमारंभांची छायाचित्रे रोज पाठवणाऱ्या छायाचित्रकाराला ही बचत मोलाची वाटेल. महिन्यातून एखादी फाइल आणणाऱ्याला तिचे फारसे मोल नाही. शिवाय जुन्या राउटरच्या तारजोडणीची मर्यादा पुष्कळदा १०० मेगाबिटच असते. अशा घराने २०० ची सेवा घेतली, तर निम्मा वेग राउटरपाशीच अडेल. म्हणजे सेवेबरोबर यंत्रही बदलावे लागेल, आणि तो खर्चही हिशेबात धरावा लागेल.

मोजमापावरून निर्णय कसा करावा, हे आता सहज सांगता येईल. राउटरजवळ तारेने मोजलेला वेगच ठरल्यापेक्षा फार कमी भरत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करावी. पदरचे पैसे घालण्याचे कारण नाही. राउटरजवळ वेग पूर्ण मिळतो, पण दूरच्या खोलीत तो घटत असेल, तर दोष घरातील मांडणीचा आहे असे समजावे. राउटरजवळ पूर्ण वेग मिळूनही घरातील सर्वांच्या कामांना तो पुरत नसेल, तरच अधिक वेगाची सेवा घ्यावी.

वरील कुटुंबाचा प्रकार दुसरा होता. त्यांनी प्रथम राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यभागी उंचावर ठेवला. मागच्या खोलीतील वेग ३ वरून ९ वर गेला. मग भिंतीच्या कडेने पंधरा मीटर तार नेऊन मागच्या खोलीत दुसरे लहान वाय-फाय यंत्र बसवले. तेथे वेग ३५ भरला. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजल्यामुळे कोणत्या उपायाचा किती उपयोग झाला, हे त्यांना नेमके कळले. खर्च एकदाच झाला, आणि मुलीचा पाठ अखंड ऐकू येऊ लागला.

एक गोष्ट आणखी. काचतंतूला स्वतःला विजेची गरज नसली, तरी घरातील पेटी व राउटर विजेवरच चालतात. पावसाळ्यात वीज गेली की दोन्ही यंत्रे बंद पडतात. ज्या घरी वीज वारंवार जाते, तेथे वेग वाढवण्यापेक्षा या यंत्रांना लहानशी बॅटरी जोडणे अधिक हिताचे ठरते.

नवी वस्तू आली की ती घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. नवी वस्तू नेहमीच अनावश्यक असते असेही नाही. पण अडचण कोठे आहे, हे न शोधता केलेला खर्च म्हणजे छप्पर गळत असता अंगणात माती टाकण्यासारखे होय. आधी मोजावे, मग विचार करावा आणि त्यानंतरच खिशात हात घालावा.

स्वाध्याय

१. मूर्तिजापूर येथे कापसाच्या गाठी का उतरवाव्या लागत? घरातील इंटरनेटशी या गोष्टीचे साम्य कोणते?
२. कुटुंबाने अधिक वेगाची सेवा का घेतली नाही? कारणे आपल्या शब्दांत लिहा.
३. ६०० मेगाबाइटची फाइल सेकंदाला ४० मेगाबिट वेगाने आणावयास किती सेकंद लागतील?
४. आपल्या घराचा आराखडा काढा. राउटर कोठे ठेवणे योग्य होईल, ते त्यात दाखवा व कारण सांगा.