पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा : फुगा की बायपास?

थोडे अंतर चालले, की पोटरीत गोळा येतो आणि क्षणभर थांबले, की तो जातो. वाढत्या वयाचा त्रास म्हणून या लक्षणाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात पायाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. धूम्रपान आणि मधुमेह ही त्यामागील प्रमुख कारणे. घोटा आणि दंड येथील रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास हा आजार असल्याचे मानले जाते.

सुरवातीला तंबाखू सोडणे, नियमित चालण्याचा व्यायाम आणि औषधे यांवर भर दिला जातो. मात्र, विश्रांती घेतानाही पाऊल दुखू लागले किंवा बोटांवरील जखम भरेनाशी झाली, तर पाय गमावण्याचा धोका असतो. अशा वेळी रक्तपुरवठा पूर्ववत करण्याचे दोन मार्ग उरतात.

फुग्याचा मार्ग
अमेरिकेतील पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या महिलेची अरुंद रोहिणी नळीच्या साह्याने रुंदावली आणि तिचा पाय वाचविला. आता जांघेतून बारीक नळी सरकवून फुग्याने अडथळा दूर केला जातो; गरजेनुसार स्टेंट बसविला जातो. बहुधा तेवढ्याच भागाची भूल पुरते आणि रुग्ण लवकर घरी जातो. मात्र, रोहिणी पुन्हा अरुंद होण्याची शक्यता राहते.

बायपासचा मार्ग
फ्रान्समध्ये डॉ. जाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये रुग्णाचीच शीर वापरून अडथळ्याला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली. हा मार्ग अधिक टिकाऊ. पण भूल, मोठी जखम, जंतुसंसर्ग आणि हृदयावरील ताण ही त्याची किंमत आहे. स्वतःची शीर उपलब्ध नसल्यास कृत्रिम नळी वापरतात. गुडघ्याखाली ती तुलनेने कमी टिकते.

चाचण्यांचा कौल
पाय धोक्यात आलेल्या १,८३० रुग्णांवरील 'बेस्ट-सीएलआय' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मांडीतील शीर चांगली असलेल्या रुग्णांच्या गटात पाय कापावा लागणे, मोठा फेरउपचार किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण बायपासनंतर ४२.६ टक्के, तर फुग्याच्या उपचारानंतर ५७.४ टक्के आढळले. चांगली शीर नसलेल्या गटात लक्षणीय फरक दिसला नाही.

ब्रिटनमधील 'बेसिल-२' चाचणीने मात्र २०२३ मध्ये उलट चित्र मांडले. गुडघ्याखालील रोहिण्यांवर उपचार आवश्यक असलेल्या ३४५ रुग्णांत मोठा अवयवच्छेद किंवा मृत्यू यांचे प्रमाण बायपास गटात ६३, तर फुग्याच्या गटात ५३ टक्के होते. हा फरक मुख्यतः मृत्यूंच्या संख्येतील होता. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण आणि मोजमापे वेगळी असल्याने एकाच उपचाराला सरसकट श्रेष्ठ ठरविता येत नाही.

म्हणूनच अडथळा कोठे व किती लांब आहे, मांडीतील शीर वापरण्याजोगी आहे का आणि हृदय शस्त्रक्रिया पेलेल का, हे तीन प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारायला हवेत. पाय अचानक थंड, पांढरा व बधिर पडून तीव्र वेदना होऊ लागल्यास मात्र विचार करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. काही तासांचा विलंबही पायावर बेतू शकतो. उपचार कोणताही असो, तंबाखू सुटली नाही, तर मोकळी झालेली वाट पुन्हा बंद होण्याचा धोका कायम राहतो.