संगणकाची नवी कार्यप्रणाली आणि मराठी अभिलेख

'विंडोज १०' या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्ट या निर्मात्या कंपनीकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. जुलै २०१५ मध्ये ही प्रणाली उपलब्ध झाली होती. दहा वर्षांच्या या कालावधीत असंख्य कार्यालयांची, शाळांची व ग्रामपंचायतींची दैनंदिन कामे तिच्या आधारे पार पडली. वरवर पाहता ही घटना केवळ तांत्रिक वाटेल. परंतु तिच्यामुळे ठिकठिकाणी जुने संगणक बदलून नवे घेतले जात आहेत आणि त्याबरोबरच एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित झाला आहे. जुन्या संगणकात वर्षानुवर्षे साठविलेली मराठी कागदपत्रे नव्या संगणकात वाचता येतील काय? ठराव, नोंदवह्या, दाखले व याद्या यांचे मोल जाणणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचा वेळीच विचार करणे अगत्याचे आहे. त्यासाठी कार्यप्रणाली म्हणजे काय आणि तिच्यात कोणत्या सुधारणा होत गेल्या, हे थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कार्यप्रणालीचे कार्य

संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारी व्यक्ती यांमधील दुवा म्हणजे कार्यप्रणाली होय. कळफलकावरील कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, मजकूर कोठे साठवावा, छपाईयंत्राकडे आज्ञा कशी पाठवावी, कोणत्या व्यक्तीला कोणती कागदपत्रे पाहू द्यावीत, या सर्व बाबींचे नियमन ती करते. एखाद्या कार्यालयातील आवक-जावक, अभिलेख कक्ष आणि पहारा ही तिन्ही कामे एकाच यंत्रणेकडे सोपवावीत, तसाच हा प्रकार आहे.

१९८१ मध्ये आलेल्या 'डॉस' प्रणालीत प्रत्येक आज्ञा टंकलिखित करावी लागे आणि कागदपत्राचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे. ऑगस्ट १९९५ मधील 'विंडोज ९५'ने लांब नावे, पडद्यावरील चित्रखुणा आणि कामांची सूची या सोयी सर्वसामान्य वापरात आणल्या. तथापि एखाद्या कार्यक्रमात बिघाड झाल्यास संपूर्ण संगणक ठप्प होण्याचे प्रकार त्या काळी वरचेवर घडत. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'पासून घरगुती व लहान कार्यालयांतील संगणकांनाही अधिक भक्कम पाया लाभला. एका कार्यक्रमातील दोषाची झळ दुसऱ्याला सहसा लागेनाशी झाली आणि प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र परवलीचा शब्द व स्वतंत्र अधिकार देणे शक्य झाले.

अक्षर आणि क्रमांक

मराठी लेखनाच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठी सुधारणा पडद्यावर न दिसणारी आहे. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला कळतो तो क्रमांक. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यावयाचा याचा संकेत सर्वत्र एकच असेल, तरच एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर वाचता येतो.

भारतीय लिप्यांसाठी असा संकेत ठरविण्याचे प्रयत्न आपल्या देशात लवकर सुरू झाले. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, पुढे नेले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेत असावा या हेतूने 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या १९८८ मधील आराखड्यावर आधारलेली होती. युनिकोडनुसार देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. त्यांत 'क'चा क्रमांक २३२५, तर 'ळ'चा २३५५ आहे.

परंतु मानक प्रसिद्ध झाले म्हणून ते लगेच वापरात आले, असे घडले नाही. त्या काळातील प्रचलित कार्यप्रणालींना देवनागरी जोडाक्षरे जुळविता येत नव्हती. त्यामुळे एक तात्पुरता उपाय रूढ झाला. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेले फॉन्ट तयार करण्यात आले. पडद्यावर 'ग्रामसभा' असे दिसे, पण संगणकाच्या स्मरणात साठत असे ती रोमन अक्षरांची व चिन्हांची असंबद्ध मालिका. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी होती. परिणामी तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपाने दिसू लागे. छापील प्रत मिळविण्यापुरता हा उपाय सोयीचा होता. अभिलेख जतन करण्याच्या दृष्टीने मात्र तो अपुरा होता.

देवनागरीला प्रवेश

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या 'विंडोज २०००'मध्ये प्रथमच देवनागरीला कार्यप्रणालीतच स्थान मिळाले. त्यासोबत आलेल्या 'मंगल' या फॉन्टची रचना मुंबईचे ख्यातनाम सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी केली होती, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावी अशी बाब आहे. 'विंडोज एक्सपी'मध्ये ही सोय नियंत्रण कक्षातून मुद्दाम सुरू करावी लागे. ती ठाऊक नसल्यामुळे अनेकांनी तिचा लाभ घेतला नाही. २००७ मधील 'व्हिस्टा' प्रणालीपासून मात्र ती आपोआप उपलब्ध होऊ लागली.

या सुधारणेचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'कि' लिहिताना ह्रस्व वेलांटी 'क'च्या आधी काढली जाते, परंतु तिचा उच्चार 'क'नंतर होतो. संगणक उच्चाराच्या क्रमाने आधी 'क' आणि नंतर वेलांटी असे क्रमांक साठवितो, आणि पडद्यावर दाखविताना वेलांटी आधी नेऊन ठेवतो. 'क्ष' हे अक्षर तर क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशा तीन क्रमांकांनी साठविले जाते. जुळवाजुळवीचे हे काम कार्यप्रणालीने स्वतःकडे घेतल्यामुळेच मराठी मजकुरात शब्द शोधणे, याद्या वर्णानुक्रमे लावणे आणि कागदपत्रांना मराठी नावे देणे शक्य झाले.

मराठीच्या विशेष गरजा

देवनागरी लिपी हिंदी व मराठीला समान असली, तरी मराठीच्या काही गरजा वेगळ्या आहेत. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतील अर्धा र हिंदीत आढळत नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून निराळी आहेत. 'ॲप', 'ॲड' यांसारख्या शब्दांतील 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वीच्या प्रणालींत त्या ठिकाणी रिकामी चौकट दिसण्याचा संभव असतो. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो 'ल'नंतर लगेच आहे. यास्तव विद्यार्थ्यांची अथवा खातेदारांची यादी वर्णानुक्रमे लावताना कार्यप्रणालीत भाषा म्हणून 'मराठी'ची निवड केलेली असणे इष्ट होय. ती केलेली नसल्यास 'क्ष'ने आरंभ होणारी नावे यादीच्या शेवटी न येता 'क'च्या गटात जाऊन बसू शकतात.

टंकलेखनाच्या सोयींतही भर पडली आहे. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. एकदा हा कळफलक आत्मसात केला की सर्व भारतीय लिप्यांसाठी तीच मांडणी उपयोगी पडते. ज्यांना रोमन अक्षरांच्या आधारे उच्चारानुसार लिहिणे सोपे वाटते, त्यांच्यासाठी 'विंडोज १०'च्या २०१९ मधील सुधारणेत मराठीसह दहा भारतीय भाषांचे ध्वन्यात्मक कळफलक समाविष्ट झाले. दोन्ही पद्धतींनी साठणारा मजकूर एकाच संकेतानुसार असतो. त्यामुळे एकाच कार्यालयात दोन कर्मचारी निरनिराळ्या पद्धतींनी लिहीत असले, तरी अडचण उद्भवत नाही.

सुरक्षिततेची बाजू

कार्यप्रणालीत कालांतराने दोष आढळतात आणि निर्मात्याकडून ते वेळोवेळी दुरुस्त केले जातात. साहाय्य संपले म्हणजे संगणक बंद पडत नाही, परंतु अशा दुरुस्त्या येणे थांबते. याचे गांभीर्य मे २०१७ मध्ये जगाच्या प्रत्ययास आले. 'वॉनाक्राय' नावाच्या घातक कार्यक्रमाने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद केली आणि ती सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. वस्तुतः ज्या दोषाचा फायदा घेण्यात आला, त्याची दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्च रोजी, म्हणजे सुमारे दोन महिने आधी प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती वेळेवर करून घेतली नव्हती, त्यांना प्रामुख्याने फटका बसला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या 'विंडोज ११'मध्ये या अनुभवाचे प्रतिबिंब दिसते. त्यासाठी किमान ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठवण लागतेच. त्याशिवाय गुप्त किल्ल्या सांभाळणारी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था यंत्रातच असावी लागते. चालू स्थितीतील अनेक जुने संगणक या अटींत बसत नाहीत. 'विंडोज १०'साठी वाढीव मुदतीच्या सुरक्षा दुरुस्त्यांची योजना कंपनीने जाहीर केलेली आहे. मात्र तिचे स्वरूप मर्यादित असून ती कायमची व्यवस्था नव्हे.

मुक्त कार्यप्रणालींचा पर्यायही विचारात घेण्याजोगा आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स'वर आधारित प्रणाली विनामूल्य मिळतात आणि त्यांतील काही कमी क्षमतेच्या संगणकांवरही चालतात. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी प्रणाली सादर केली. केरळमधील शासकीय शाळांत संगणक शिक्षणासाठी मुक्त प्रणालींचा व्यापक वापर झाला आहे. तथापि कार्यालयातील नेहमीचे कार्यक्रम व छपाईयंत्रे अशा प्रणालीवर चालतात किंवा नाही, याची आधी खातरजमा करून घ्यावी लागते.

संगणक बदलण्यापूर्वी

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. 'विंडोज ११' केवळ ६४-बिट स्वरूपात उपलब्ध आहे. त्यामुळे १६-बिट स्वरूपाचे फार जुने टंकलेखन कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत. अशा कार्यक्रमांत व फॉन्टांत तयार झालेले ठराव नव्या संगणकात नुसते उतरवून घेतल्यास, कागदपत्र आहे पण वाचता येत नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. जुना संगणक निर्लेखित झाल्यानंतर तिच्यावर उपाय करणे कठीण होऊन बसते.

यास्तव प्रथम मजकुराची परीक्षा करावी. ती अगदी सोपी आहे. मजकुराची प्रत उघडून तिला 'मंगल' किंवा 'निर्मला' हा फॉन्ट द्यावा. अक्षरे मराठीच राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे असे समजावे. रोमन अक्षरे व चिन्हे दिसू लागली, तर तो जुन्या पद्धतीचा आहे. अशा मजकुराचे रूपांतर करणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत, पण त्यांवर सर्वस्वी विसंबून राहू नये. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या आणि विशेषतः दिनांक व रकमा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. मूळ प्रत नष्ट न करता तीही जपून ठेवावी. रूपांतरित अभिलेखांच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्यांपैकी एक संगणकाबाहेर असावी. हे सर्व पूर्ण होऊन नव्या संगणकावर प्रत्येक वर्षाचे निदान एक तरी कागदपत्र उघडून पाहिल्याखेरीज जुना संगणक निकालात काढू नये.

शाळांमध्ये हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून देता येण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी वैयक्तिक माहिती नसलेलीच कागदपत्रे, उदाहरणार्थ शाळेचे जुने अहवाल व हस्तलिखिते, निवडावीत. ग्रामपंचायतींनी ठरावांच्या नोंदींपासून प्रारंभ करावा, कारण जमीन, पाणी व हक्क यांविषयीचे वाद अनेकदा जुन्या ठरावापाशी येऊन थांबतात.

कार्यप्रणाली दर काही वर्षांनी बदलत राहील. तिचे रंगरूप बदलेल, वेग वाढेल, नव्या सोयी येतील. पण सन २००२ मधील एखादा ठराव गावातील नागरिकाने मागितला असता तो पडद्यावर शुद्ध मराठीत उघडला जाईल, अशी व्यवस्था आपोआप होत नाही. जुना संगणक कार्यालयात चालू स्थितीत आहे, तोवरच ती करून घेण्याची संधी आहे.