देणगीची पावती आणि हजेरीपट

मुंबईत भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाला तो १८३४ साली. त्याआधी दोन वर्षे, भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून, शहरात दंगल पेटली होती. मग सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने म्हाताऱ्या, लुळ्यापांगळ्या जनावरांसाठी ही जागा उभी राहिली. संस्था निखळ भूतदयेची. तरीही तिथल्या नोकरांचा वाद १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. प्रश्न होता, पांजरपोळ हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘उद्योग’ म्हणायचा का? न्यायालयाने संस्थापकांच्या हेतूवर वेळ घालवला नाही. संस्थेच्या कारभाराचा तपशील पाहिला. आजारी जनावरांना पाजलेल्या दुधाची किंमत बाजारात विकलेल्या दुधाच्या मानाने नगण्य होती. दुधाचा धंदा चालतो, तेव्हा पांजरपोळ उद्योगच, असा निकाल लागला. धर्मादाय संस्था आणि तिचे नोकर यांच्यातला तंटा कसा तपासावा, याचा मला तरी हा सर्वांत शहाणा नमुना वाटतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने नेमकी हीच तपासणी अवघड करून ठेवली आहे.

नव्या संहितेत ‘उद्योग’ची व्याख्या रुंद आहे. भांडवल गुंतवले आहे की नाही, नफ्याचा हेतू आहे की नाही, याला ती महत्त्व देत नाही. पण पूर्णपणे किंवा बव्हंशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या मालकीच्या किंवा त्या चालवत असलेल्या संस्था तिने व्याख्येबाहेर काढल्या आहेत. शब्दरचना बारकाईने वाचायला हवी. कसोटी संस्थेच्या कामाला लावलेली नाही, ती चालवणाऱ्या संघटनेला लावली आहे. पांजरपोळाच्या खटल्यात दूध कुठे जाते ते विचारले गेले. आता आधी विचारले जाईल की गोठ्याचा धनी कोण.

इथवर येण्याचा रस्ता बराच वळणांचा आहे. जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्डमधील नोकरांना कामावरून काढले, तेव्हा १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी रुग्णालय हा उद्योग ठरवला. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात तो निकाल फिरला. अखेर २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, पाच विरुद्ध दोन मतांनी, सूत्र बांधून दिले: काम पद्धतशीर चालते, मालक-नोकर मिळून चालवतात आणि त्यातून लोकांच्या गरजेची वस्तू वा सेवा तयार होते, तर तो उद्योग. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी धर्मादाय संस्थांच्या तीन तऱ्हा केल्या. नफा कमावून तो सत्कार्याला देणारी पहिली. नफा न घेता, पण पगारी माणसे ठेवून, फुकट किंवा स्वस्तात सेवा देणारी दुसरी. या दोन्ही उद्योग. तिसरीत माणसे पगारासाठी नव्हे, भक्तीने वा ध्येयाने राबतात, तेवढी वगळलेली. दान करणारा उदार असतो, पण ते औदार्य लाभार्थ्यासाठी असते. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईशी त्याचे नाते मालकाचेच असते, हा त्या वर्गीकरणाचा गाभा. संसदेला ते पसंत पडले नाही. १९८२ च्या दुरुस्तीने रुग्णालये, शिक्षणसंस्था, धर्मादाय संस्था वगळणारी नवी व्याख्या मंजूर झाली, पण ती कधी अमलातच आणली गेली नाही. वगळलेल्यांसाठी पर्यायी दाद देणारे विधेयकही बारगळले. १९७८ चा निकाल २०१७ मध्ये फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला गेला. एवढ्या वर्षांत तो मोडला नव्हता, याची नोंद घ्यायला हवी.

संस्थाचालकांची बाजू पोकळ नाही. देणगीचा पैसा कोर्टकचेरीत का घालवायचा, हा त्यांचा पहिला सवाल. दुसरा अधिक खोल आहे: आमच्याकडे नोकर नसतात, कार्यकर्ते असतात, त्यांना पगार नव्हे, मानधन मिळते. मराठी सार्वजनिक जीवनात ‘कार्यकर्ता’ हा शब्द मानाचा आहे आणि तो कायद्याच्या चिमटीत सापडत नाही, हेही खरे. मात्र १९७८ च्या निकालाने खऱ्या कार्यकर्त्यांच्या संस्थेला तिसऱ्या तऱ्हेत जागा दिलेली होतीच. हजेरीपटावर रोज सही करणारा, रजेचा अर्ज देणारा आणि उशिरा आला की पैसे कापले जाणारा माणूस मानधनावर आहे म्हणून कार्यकर्ता होत नाही. (मानधन हा शब्द पगार कमी आहे हे सांगण्याची सभ्य रीत होऊन बसला आहे, हे या क्षेत्रातल्यांना वेगळे सांगायला नको.) खर्चाचे म्हणाल, तर कामगारकपातीची जुनी किंमत होती एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीवर चालणाऱ्या संस्थेला तर नवी संहिता ठरावीक मुदतीची नोकरी उघडपणे देऊ देते. मग सरसकट सूट कशासाठी?

किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान यांचे कायदे आहेतच की, असेही सांगितले जाते. आहेत; पण ते पैशांचे हक्क आहेत. अन्यायाने काढून टाकल्यावर पुन्हा कामावर घ्यायला लावण्याचा मार्ग औद्योगिक कायद्यातून जातो. तो बंद झाला की उरते दिवाणी न्यायालय, आणि तिथे नोकरीचा करार बळाने चालू ठेवायला सहसा लावता येत नाही. फार तर नुकसानभरपाई. आयाबाईने तो दावा लावायचा आणि वर्षानुवर्षे तारखांना जायचे.

नोकराला दाद मिळाली तर संस्था बुडतील, ही भीती महाराष्ट्राच्याच अनुभवाने खोटी ठरते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. त्यात शिक्षकाला आणि शिपायालाही बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ट्रस्टांनी चालवलेल्या हजारो शाळा त्या छत्राखाली चार दशकांहून अधिक काळ चालल्या, वाढल्या. शेजारच्या गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नाही. आणि शिक्षकांसाठी दाद मागण्याची वेगळी सोय व्हावी, अशी गरजही व्यक्त केली. वगळायचे तर पर्याय द्यायचा, ही रीत. नव्या संहितेने धर्मादाय संस्था वगळल्या. पर्यायी सोय त्यांच्या नोकरांना दिलेली नाही.

सगळ्यात टोकदार प्रश्न आहे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना यांनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. म्हणजे उरलेल्या ८० टक्के खाटा बाजारभावाने. नोंदणी धर्मादाय, म्हणून ती चालवणारा ट्रस्ट ‘बव्हंशी’ धर्मादाय ठरून शेकडो परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार संहितेबाहेर जाणार का? प्राप्तिकराच्या बाबतीत वारे अगदी उलटे वाहते. १९ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करसवलत हवी असलेली शिक्षणसंस्था केवळ शिक्षणासाठीच असली पाहिजे, असा काटेकोर अर्थ लावला. सरकारी तिजोरीचा प्रश्न आला की ‘केवळ’, नोकराचा आला की ‘बव्हंशी’: ही विसंगती मला पटत नाही.

तरी ‘बव्हंशी’ या शब्दात वाट आहे. तो मोजता येतो. सूट मागणाऱ्या ट्रस्टकडे औद्योगिक न्यायाधिकरणाने धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जाणारे लेखापरीक्षित हिशेब मागावेत: निर्धन रुग्ण निधीतून प्रत्यक्ष किती बिले भागली, पूर्ण दराने किती वसूल झाली, आणि काम करणाऱ्यांपैकी बिनपगारी किती. पांजरपोळाच्या दुधाची किंमत १९७१ मध्ये अशीच ताडून पाहिली गेली होती.