संगणकाचा वेग वाढवणारे जुगाड

दुकानातला किंवा ऑफिसातला संगणक मंदावला, की कुणीतरी हमखास एखादा ‘बूस्टर’, रजिस्ट्री क्लीनर किंवा तयार स्क्रिप्ट सुचवतं. ती चालवताना ॲडमिनचे अधिकार मागितले जातात आणि खरा धोका तिथेच आहे. बिलं, पगारपत्रकं, जीएसटीचा हिशेब असलेल्या यंत्रावर त्या प्रोग्रामला मग वाटेल ते करता येतं.

अशा स्क्रिप्ट विंडोजमधल्या काही सेवा ‘अनावश्यक’ ठरवून बंद करतात. प्रिंट स्पूलर बंद पडला की ऐन गर्दीत बिल छापलं जात नाही. निदान ते लगेच कळतं तरी. अपडेट बंद झाल्याचं मात्र महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्याची वाट अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.

साधन नामांकित आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी हल्लेखोरांनी सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रामच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला आणि ती सुमारे २२ लाख लोकांपर्यंत पोचली. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. बिघाड झाला तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते, असं ती कंपनी स्पष्ट सांगते.

मंदपणाची कारणं बहुधा साधी असतात: जुनी हार्ड डिस्क, अपुरी रॅम, संगणक सुरू होतानाच उघडणारे ढीगभर प्रोग्राम. आधी बॅकअप घ्या, नको ते प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून थांबवा आणि खर्च करायचाच असेल तर एसएसडी बसवून घ्या.