वीस वर्षांची बंदी, तरी पिक्चर चालूच!

बॉसनं एक प्रपोझल नाकारलं तरी आपला अख्खा आठवडा खराब होतो. इथे तर कोर्टानं एका माणसाचं कामच वीस वर्षांसाठी बंद करून टाकलं. जाफर पनाही, इराणचा दिग्दर्शक. डिसेंबर २०१० मध्ये त्याला सहा वर्षांची कैद सुनावली गेली. शिवाय सिनेमा करायचा नाही, पटकथा लिहायची नाही, मुलाखत द्यायची नाही, देश सोडायचा नाही. आरोप काय, तर सरकारविरोधी प्रचार.

गालिच्यावरचं घर

जामिनावर घरी असताना त्यानं मुज्तबा मिरतहमास्ब या मित्राला कॅमेरा घेऊन बोलावलं. त्यातून २०११ मध्ये आली ‘धिस इज नॉट अ फिल्म’. नावातच मेख आहे! तेहरानमधला फ्लॅट, वकिलाशी फोनवर बोलणं, अंगाखांद्यावर चढणारी पाळीव इग्वाना. एवढाच मालमसाला.

दिग्दर्शनाला बंदी आहे, वाचनाला तर नाही ना? म्हणून पनाही परवानगी न मिळालेली आपली पटकथा वाचून दाखवतो. आर्ट कॉलेजला प्रवेश मिळालेल्या मुलीला घरचे कोंडून ठेवतात, अशी गोष्ट. गालिच्यावर चिकटपट्ट्या लावून तो तिची खोली आखतो. इथे पलंग, इथे खिडकी. रंगात येतो आणि मधेच थांबतो. सिनेमा असा सांगता आला असता, तर तो बनवायचा कशाला?

हा प्रसंग मी तीनदा बघितलाय. ‘अडचणीत संधी शोधा’ म्हणणारे ट्रेनर याची मस्त स्लाइड बनवतील. मला मात्र त्या पट्ट्यांमध्ये दरवेळी न झालेला सिनेमाच दिसतो. बंदीनं पनाहीला घडवलं वगैरे सगळं झूट. बंदीनं त्याचं जे हिरावलं, तेसुद्धा त्यानं शूट केलं, एवढंच.

ही फिल्म पेनड्राइव्हवरून कान महोत्सवात पोचली.

टॅक्सीवाला दिग्दर्शक

‘टॅक्सी’मध्ये तो स्वतःच टॅक्सी चालवतो आणि डॅशबोर्डवरचा कॅमेरा प्रवाशांना टिपतो. २०१५ मध्ये बर्लिनला तिला गोल्डन बेअर मिळालं. ते घ्यायला गेली त्याची छोटी भाची हाना, कारण मामाला देश सोडायची परवानगी नव्हती. आणि या सिनेमाला श्रेयनामावलीच नाही! राबलेल्यांची नावं पडद्यावर नाहीत.

ओळखीचा आवाज

जुलै २०२२ मध्ये, अटकेतल्या सहकारी दिग्दर्शकाची चौकशी करायला गेलेल्या पनाहीलाच आत टाकलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यानं उपोषण सुरू केलं, तेव्हा सुटका झाली. तुरुंगात ऐकलेल्या कहाण्यांतून ‘इट वॉज जस्ट ॲन अ‍ॅक्सिडेंट’ उभा राहिला. कृत्रिम पायाची करकर ऐकून एका मेकॅनिकला वाटतं, हाच आपला छळ करणारा. पण तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती. खात्री कशी करायची? आणि पटली, तर त्याचं करायचं काय?

परवानगीशिवाय केलेल्या या सिनेमाला मे २०२५ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार, पाम द’ओर मिळाला. पनाही स्वतः हजर होता आणि नंतर तेहरानला परतलाही. डिसेंबर २०२५ मध्ये तो परदेशात असताना त्याला पुन्हा वर्षभराची कैद सुनावली गेली.

कुठून सुरुवात कराल?

‘ऑफसाइड’पासून (२००६). मुलांच्या वेषात फुटबॉल मॅचला घुसणाऱ्या मुलींची ही गोष्ट धमाल आहे. मग ‘धिस इज नॉट अ फिल्म’, फक्त ७५ मिनिटांची. तेवढा वेळ मोबाइल सायलेंटवर टाका.