आख्खा सेट घ्यावा लागेल

मंचरच्या एका जुन्या हार्डवेअरवाल्याने दिवाळीनंतर दुकान आवरलं. शेवटच्या आठवड्यात त्याने सगळा माल किलोवर काढला. सर्क्लिपचे डबे, तांब्याचे वॉशर, पंपाचे चामडी वायसर, तेलकट कागदात गुंडाळलेले गनमेटलचे बुश, आणि कुठल्या मशीनच्या आहेत हे त्यालाही आठवेना अशा स्प्रिंगा. मी दोन पोती भरून पारगावला आणली आणि घरची बोलणी खाल्ली. त्या गाळ्यात आता मोबाइलच्या काचा बसवून मिळतात.

माल गेला त्याचं एवढं वाटत नाही. तुटका तुकडा हातात घेऊन तो कशाचा, किती मापाचा आणि त्याच्याऐवजी दुसरं काय चालून जाईल हे त्या माणसाला सांगता यायचं. त्याच्या मुलाने ते शिकून घेतलं नाही. आणि का घ्यावं? पाच-पाच रुपयांचे सुटे भाग विकून गेल्या वीस वर्षांत कुणाचा बंगला उभा राहिलेला मला तरी दिसला नाही.

सत्तरच्या दशकातलं माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडंच आहे. मोटा जाऊन ऑइल इंजिनं आली होती. हँडल मारून सुरू करायची ती संथ, जड इंजिनं सहसा बिघडत नसत. बिघडली तर इंजिनासोबत आलेल्या पुस्तकात प्रत्येक भागाचं चित्र आणि नंबर असे. पोस्टकार्डावर नंबर लिहून टाकला की भाग येई. ऐंशीचं दशक माझं भोसरीत उमेदवारी करण्यात गेलं. लेथ, वडापाव, खोलीचं भाडं. त्यावर कुणी कादंबरी लिहिणार नाही.

खरी गंमत नव्वदच्या दशकात होती. मी गावी परत आलो तो एक जुना बटाळ्याचा लेथ घेऊन. पंजाबातल्या बटाळ्यात लेथ बनवणारे कारखाने गल्लोगल्ली होते आणि त्यांचे बीडाचे दणकट लेथ देशभरच्या खेड्यांत पोचले होते. घोड नदीवरच्या बंधाऱ्यांत पाणी टिकू लागलं होतं, काठाकाठाने मोटारी बसत होत्या. बिल अश्वशक्तीवर, त्यामुळे मोटार बंद करायची कुणाला घाई नसे. वीज मंडळाचं व्होल्टेज संध्याकाळी इतकं पडायचं की बल्बची तार मोजता यावी. व्होल्टेज पडलं की मोटार जादा करंट ओढते, तापते आणि जळते. लोकांचं नुकसान व्हायचं आणि माझं दुकान चालायचं; हे खरं आहे, त्याला इलाज नाही.

पण जळालेली मोटार भरायची म्हणजे नुसती तांब्याची तार नव्हे. बेअरिंग लागतं, ग्लँडची दोरी लागते, कपलिंगचे रबर लागतात, स्टार्टरची नोव्होल्ट कॉइल लागते. आणि हे सगळं सुटं मिळायचं. स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट झिजला तर एक कॉन्टॅक्ट. त्याखालची स्प्रिंग बसली तर फक्त स्प्रिंग. बेअरिंगचं तर अंगवळणी पडलेलं गणित होतं, मोटार भरायला ठेवलेल्या पोराला ते पहिल्याच आठवड्यात पाठ व्हायचं. ६२०५ म्हटलं की शेवटच्या ०५ ला पाचाने गुणायचं, आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरून ५२, जाडी १५. ६२०६ म्हटलं की ३०, ६२ आणि १६. कंपनी कुठलीही असो, देश कुठलाही असो, आकडा तोच. कुणीतरी शहाण्या माणसांनी बसून हे ठरवलं म्हणून पारगावातली मोटार स्वीडिश बेअरिंगवरही फिरायची आणि जयपूरच्याही. आजच्या यंत्रांचे नंबर बघा. बारा अक्षरी, आणि त्यातून भोक किती हे ब्रह्मदेवालाही कळू नये अशी सोय.

जे मंचर-नारायणगावला मिळायचं नाही त्याच्यासाठी पहाटेची एसटी. शिवाजीनगरला उतरलं की पुणं पेठांनी वाटून ठेवलेलं होतं. वायरी, कॉइल, कपॅसिटर तापकीर गल्लीत. गाड्यांचे भाग नाना पेठेत. नट-बोल्ट, हत्यारं, टॅप-डाय बोहरी आळीत. आणि कुठेच नाही ते जुन्या बाजारात, बुधवारी नाही तर रविवारी. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या मशीनचे अवयव तिथे ताडपत्रीवर मांडलेले असत. त्या ताडपत्रीसमोर उकिडवं बसून मी जे शिकलो ते उमेदवारीत शिकलो नाही.

बोहरी आळीतल्या एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान तर एका माणसाला कूस बदलता येणार नाही इतकं. मी एकदा टेलस्टॉकचा तुटका बोल्ट घेऊन गेलो आणि म्हटलं, १२ एमएमचा नट द्या. चाचांनी बोल्ट घेतला, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "बारा नाही भाऊ, अर्धा इंची आहे. व्हिटवर्थ." मग खात्रीसाठी पिच गेज लावून दाखवला. इंचाला १२ आटे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने ठरवलेले आटे, ५५ अंशांच्या कोनाचे. मेट्रिकचा कोन ६०. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण यंत्रं कायदा वाचत नाहीत. बटाळ्याचा लेथ इंचातच राहिला, आणि त्याच्यावर ज्याचं काम करायचं ती मोटार मिलिमीटरमध्ये.

इथेच माझा १२७ दात्यांचा गिअर येतो. लेथचा लीड स्क्रू इंचात असेल आणि मेट्रिक आटे पाडायचे असतील तर मधे १२७ दात्यांचं चाक लावावं लागतं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. दुसरा आकडा जवळपास नेतो, बरोबर नेत नाही. आमच्या त्या चाकाचे दोन दाते एका उन्हाळ्यात गेले. बाजारात तयार मिळेना. मिलिंगवाल्यांकडे गेलो तर तेही हात झटकू लागले, कारण १२७ ला कशानेच भाग जात नाही. साधं डिव्हायडिंग हेड ४० फेऱ्यांना एक फेरी फिरतं, त्याच्या भोकांच्या प्लेटा ठरावीक. १२७ त्यात बसत नाही. भोसरीतल्या एका शेडमध्ये हॉबिंग मशीन होतं. तिथल्या कारागिराने तुटकं चाक हातात घेतलं, दाते मोजले, कॅलिपर लावला आणि बाहेरचा व्यास सांगितला: आठ इंच आणि अर्धा सूत. १६ डीपीचं चाक, १२९ भागिले १६. त्याने हे मनात केलं, कागद न घेता. बीडाचा ब्लँक मी आणून दिला आणि चारच दिवसांत चाक माझ्या पिशवीत होतं. घासाघीस करायची माझी हिंमतच झाली नाही.

त्याच वर्षांत आमच्याजवळ खोडदला गोविंद स्वरूप आणि त्यांची माणसं रेडिओ दुर्बीण उभी करत होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्या इथे, या देशात बनवलेल्या. जाडजूड पोलादाऐवजी ताणलेल्या तारांवर जाळी बसवून त्यांनी वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात आणले. एसटीतून ती तबकडी दिसली की मला उगाच आपलेपणा वाटायचा. परवडत नाही म्हणून डोकं चालवायचं, ही आमच्या धंद्यातलीच रीत. ज्यांना याला जुगाड म्हणून हसायची सवय आहे त्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं.

पुढची वर्षं मी भरभर उरकतो, कारण त्यांनी माझा मूड घालवला. पारगावात साखर कारखाना उभा राहिला, उसाच्या ट्रॉल्या, शेड, दरवाजे, कामाला तोटा नव्हता. पण १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं उठली आणि तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत ड्रिल मशीन, ग्राइंडर यायला लागले. मीही घेतले, नाही कशाला म्हणू? त्यांचे कार्बन ब्रश पहिले दोन हंगाम मिळाले, मग मॉडेल बदललं. एका कंपनीचा विक्रेता माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पिऊन मला समजावत होता की दुरुस्ती हा आता मागासलेला विचार आहे. त्याच सुमाराला एका बँकेच्या साहेबांनी नव्या मशीनला कर्ज देऊ केलं, पण जुन्या लेथचा हेडस्टॉक नीट करायला दमडी द्यायला तयार नव्हते. दुरुस्तीसाठी त्यांच्या फॉर्मात रकानाच नव्हता. दोघंही आज निवृत्त असतील. लेथ अजून चालतो.

२०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा बेअरिंगचा कारखाना बंद करायचं ठरवलं, त्याच वर्षी पिंजोरच्या ट्रॅक्टरचाही निकाल लागला. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. दुकानदारांना प्रत्येक जिनसाचा कोड आणि दर लिहायची वेळ आली, तेव्हा अनेकांनी कपाटातला नाव नसलेला माल आधी हलका केला. २०१९ सरता सरता शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोसाठी वाकडेवाडीला गेलं, आणि पेठेत पायी जायचा रस्ताही गेला. कुणी कट केला असं माझं म्हणणं नाही. प्रत्येकाने आपापलं काम केलं. फक्त त्या सगळ्यांच्या मधे चाचांसारखी माणसं उरली नाहीत.

आता परवाचंच. आमच्या सीओटू वेल्डिंगच्या वायर फीडरमधला नायलॉनचा गिअर गेला. दहाच्या नाण्याहून जरासा मोठा, झिजलेले तीन दाते. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडून मुलीने अतिशय गोड आवाजात मॉडेल नंबर विचारला, सिरीयल नंबर विचारला, बिलाचा फोटो मागवला आणि शेवटी सांगितलं की गिअर सुटा येत नाही सर, आख्खा सेट घ्यावा लागेल. मोटार, ब्रॅकेट, रोलर, सगळं. मी दाते किती आहेत ते सांगू लागलो तर ती म्हणाली, त्याची गरज नाही. मला वाईट वाटलं ते इथे. पैशाचं मागाहून वाटलं. मोबाइलवर शोधलं तर तसाच दिसणारा गिअर होता, शंभर नगांच्या पुडक्यात, खाली माप एकही दिलेलं नाही.

म्हणे दुरुस्तीचा हक्क आला आहे. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. चार खाती ठेवली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी थेट कायदाच केला: भाग द्या, पुस्तकं द्या, शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर आपण उघडू द्या. आपल्याकडे कंपन्यांनी राजीखुशीने माहिती टाकायची आहे. आणि वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, लेथ या चारांतल्या कुठल्या खात्यात बसतात? ट्रॉली शेतीची, ती जोडणारं मशीन कुणाचंच नाही. दुरुस्त करणाऱ्याच्या दुरुस्तीचा विचार समितीत कुणाला सुचला नसावा.

सेट मी घेतलेला नाही. नायलॉनचा गोल बार आणून ठेवला आहे आणि ओळखीच्या मिलिंगवाल्याची पाळी शनिवारी मोकळी आहे. जुन्या गिअरचे शाबूत आणि झिजलेले धरून दाते ३७ भरले. ३७ लाही कशानेच भाग जात नाही, पण त्याच्या डिव्हायडिंग हेडसोबत ३७ भोकांच्या रांगेची प्लेट आहे.