वर्षाऋतूतील शिवपुरी

पावसाळा सुरू झाला म्हणजे महाराष्ट्रातील माणसाला लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली यांची आठवण होते. परंतु जी मराठी घराणी नर्मदा ओलांडून उत्तरेस गेली आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कायमची स्थायिक झाली, त्यांची पावले श्रावणात कोठे वळतात? दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती १८१० च्या सुमारास वसलेल्या या लष्करात सह्याद्री नाही, कोकणचा पाऊसही नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि किल्ल्याचा खडक रात्रीही उष्ण वाफा सोडीत राहतो. अशा ठिकाणच्या माणसाला पहिल्या सरीबरोबर आठवते ती शिवपुरी.

ग्वाल्हेरपासून शिवपुरी सुमारे ११५ किलोमीटर दूर आहे. नाशिक, धुळे, इंदूर, गुणे असा मार्ग आक्रमीत येणारा जुना मुंबई-आग्रा रस्ताच शिवपुरीवरून ग्वाल्हेरीस जातो. तेव्हा महाराष्ट्राशी या गावाचा संबंध केवळ इतिहासाचा नाही, रस्त्याचाही आहे. एके काळी ग्वाल्हेर संस्थानची दोन फूट रुंदीची चिमुकली आगगाडी या मार्गावर धावत असे. आज ती गाडी नाही. रुंदमापी लोहमार्ग आणि मोटारी यांनी तिची जागा घेतली आहे.

ग्वाल्हेरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर, तर शिवपुरीची सुमारे ४६० मीटर. हा फरक सह्याद्रीच्या मानाने क्षुल्लक वाटेल. पण सपाट मुलखातून येणाऱ्याला तेवढ्या चढणीनेही हवेतील पालट जाणवतो. म्हणूनच शिंद्यांचा दरबार उन्हाळ्यात येथे हलत असे आणि शिवपुरीला संस्थानच्या उन्हाळी राजधानीचा मान मिळाला होता. पाऊस म्हणावा तर वर्षाकाठी ४० इंचांच्या आतच. महाबळेश्वरी २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्याशा पावसावर शिवपुरीला धबधब्यांचे गाव ही कीर्ती कशी लाभली, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

याचे उत्तर तेथील दगडात आहे. हा प्रदेश विंध्य खडकांचा आहे. वालुकाश्माचे कठीण थर आणि त्यांच्याखाली ठिसूळ, पापुद्र्यांचे थर अशी त्याची रचना. पाणी खालचा मऊ थर आधी पोखरते. मग वरचा कठीण थर निराधार होऊन कोसळतो आणि उभा कडा तयार होतो. पठारावरून संथपणे आलेला ओढा अशा कड्याशी पोहोचला की त्याला उडी घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दरीला हिंदीत खोह म्हणतात आणि चंबळकाठच्या घळींना भरका. शिवपुरीजवळच्या भूरा खो आणि टुंडा भरका या धबधब्यांच्या नावांतच त्यांचा भूगोल सांगितलेला आहे. गावालगतचा भदैया कुंड हा झऱ्याच्या पाण्यासाठी प्रसिद्ध, तर पोहरीच्या रस्त्याकडील पवा येथील धबधबा रानाच्या एकांतात कोसळतो. मे महिन्यात यांपैकी बहुतेक ठिकाणी नुसता तापलेला दगड दिसतो. ऑगस्टमध्ये तेच स्थळ ओळखू येत नाही.

ज्या रचनेमुळे हे सौंदर्य निर्माण होते, तिच्यातच धोकाही दडलेला आहे, ही गोष्ट प्रवाशाने पक्की ध्यानात ठेवावयास हवी. ग्वाल्हेरहून शिवपुरीस जाताना वाटेत पार्वती नदीवर सुलतानगडचा धबधबा लागतो. ही पार्वती सिंध नदीची उपनदी होय. तेथे नदीच्या पात्रात विस्तीर्ण, सपाट खडक आहे. एरवी पाणी त्याच्या एका अंगाने वाहते, आणि बाकीच्या खडकावर लोक सतरंज्या अंथरून बसतात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुट्टीचा दिवस असल्याने तेथे अशीच गर्दी जमली होती. दुपारी नदीला एकाएकी लोंढा आला. काही जण पाहता पाहता वाहून गेले आणि प्राणांस मुकले. चाळिसांहून अधिक माणसे भोवतालच्या पाण्यात खडकावर अडकून पडली. हेलिकॉप्टरने काही जणांना उचलले; उरलेल्यांची सुटका रात्री उशिरापर्यंत चालली होती, आणि तीत जवळच्या खेड्यांतील धाडसी लोकांचा वाटा फार मोठा होता.

असे का घडते? पठारावर मातीचा थर पातळ आणि खाली अभेद्य खडक. पावसाचे पाणी जिरत नाही. ते सरळ ओढ्याकडे धाव घेते. वरच्या अंगाला कित्येक किलोमीटरांवर मोठी सर कोसळली तर तिचे पाणी थोड्याच वेळात धबधब्यापाशी येऊन ठेपते. त्या वेळी धबधब्यावर कदाचित लख्ख ऊन पडलेले असते! डोक्यावरचे आभाळ निरभ्र आहे, एवढ्यावरून निर्धास्त होणारा माणूस येथेच फसतो. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाण्यातही धडधाकट माणसाचे पाय उखडतात, आणि शेवाळलेल्या दगडावर तर त्याहून लवकर.

सुदैवाने नदी बहुधा काही ना काही सूचना देते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, धबधब्याचा आवाज जड होतो, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागतो. यांपैकी एकही खूण दिसताच सामानसुमानाचा मोह सोडून काठावर, उंच जागी जावे. पात्राच्या मध्यभागी बैठक मुळीच मांडू नये. आणि स्थानिक गुराखी किंवा शेतकरी ‘पुढे जाऊ नका’ म्हणाला, तर त्याचा शब्द प्रमाण मानावा. त्याने ही नदी आपल्यापेक्षा अधिक पावसाळे पाहिलेली असते.

शिवपुरी गावात शिरल्यावर मनाला वेगळाच अनुभव येतो. माधवराव शिंदे (१८७६ ते १९२५) यांच्या मातोश्री सख्याराजे यांची छत्री आणि तिच्या समोर स्वतः माधवरावांची छत्री, अशा या दोन वास्तू एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत. माधवरावांचे देहावसान पॅरिस येथे झाले. पण त्यांची स्मृती अशी आईच्या समोर विसावली आहे. पांढऱ्याशुभ्र संगमरवरात रंगीत दगडांची जडणघडण, मंदिराप्रमाणे शिखर आणि मोगली धाटणीचे मंडप, असा दोन परंपरांचा मिलाफ येथे पाहावयास मिळतो. दिवंगतांच्या मूर्तींची वस्त्रांनी, नैवेद्याने आणि गायनाने सेवा करण्याची रीतही या घराण्याने जोपासली. पावसाने धुऊन निघालेल्या त्या संगमरवराची शोभा उन्हाळ्यातील प्रवाशाला कळणार नाही.

याच मातोश्रींच्या नावाने ओळखला जाणारा सख्यासागर १९१८ च्या सुमारास बांध घालून तयार करण्यात आला. त्यात मगरींची मोठी वस्ती आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२२ साली त्याचा समावेश झाला. त्याच्या सभोवतालचे अरण्य म्हणजे माधव राष्ट्रीय उद्यान. तेथील सर्वांत उंच टेकाडावर जॉर्ज कॅसल नावाची कोठी आहे. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या एका मुक्कामासाठी ती उभारली. पण तो मुक्काम कधी झालाच नाही! राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या या रानातून पुढे वाघच नाहीसा झाला. दीर्घ काळानंतर, मार्च २०२३ मध्ये, येथे पुन्हा वाघ सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये या अरण्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात अरण्याच्या अंतर्भागात प्रवेश मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करून निघावे हे उत्तम.

मराठी प्रवाशाने मात्र आणखी एका स्थळी गेल्यावाचून परतू नये. या गावाचे जुने नाव सिप्री. नाशिक जिल्ह्यातील येवले येथे जन्मलेले तात्या टोपे १८५७ च्या संग्रामात अखेरपर्यंत झुंजत राहिले. नरवरच्या मानसिंगाने केलेल्या विश्वासघातामुळे एप्रिल १८५९ मध्ये ते इंग्रजांच्या हाती सापडले, आणि १८ एप्रिल रोजी याच सिप्रीत त्यांना फाशी देण्यात आले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. धबधब्यावर दिवस घालविणाऱ्या मंडळींपैकी किती जण तेथे अर्धा तास थांबतात, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावा.

राहता राहिला खाण्यापिण्याचा विषय. आणि वर्षासहलीत तो गौण नसतो. सकाळी ग्वाल्हेरहून निघताना बेडई, बटाट्याची झणझणीत भाजी आणि गरम जिलबी, हा तेथील रिवाज. वाटेत मुगाच्या डाळीचे मंगोडे आणि निखाऱ्यावर भाजलेले भुट्टे. वनभोजनास शेणीच्या विस्तवावर भाजलेले जाड टिक्कड किंवा बाट्या, वर तुपाची धार, सोबत डाळ आणि वांग्याचे भरीत. वांग्याचे भरीत म्हटले की खानदेश आठवावयाचाच! मराठी घरातील डब्यात याच पंक्तीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि श्रावणी सोमवार असल्यास साबुदाण्याची खिचडी येऊन बसते. दोन मुलखांची सोयरीक अशा डब्यात जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

परतीच्या वाटेवर आभाळ पुन्हा भरून येते. बुंदेलखंडाच्या खेड्यांत या दिवसांत ढोलकीच्या साथीने आल्हा-उदल यांचे पोवाडे रंगतात. आणि पुढे ग्वाल्हेरीस, ज्याच्या नावाने एक मल्हार आजही गाइला जातो, तो तानसेन चिरनिद्रा घेत असतो. पाण्याचे रौद्र रूप, हुतात्म्याचे स्मरण आणि सुरांची ही सोबत, या साऱ्यांसह शिवपुरीची एक दिवसाची सहल पुरी होते. मात्र ती पुरी झाली असे केव्हा म्हणावे? सकाळी घरून जितकी माणसे निघाली, तितकीच रात्री सुखरूप घरी परतली म्हणजे.